रुमालावरचा नजराणा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला काय त्याचं! पण माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात हे घडलंय. मागच्या ऑक्टोबरातला शनिवार. सिंगापूर, बिशानमधला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. भर दुपारचे चार.

मीनलताईचा नवरा चारुदत्त रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत. आठ वर्षं एकाच खुर्चीत कुजला होता. त्या संध्याकाळी ऑफिसचं डिनर होतं आणि सगळ्यांनी दरबारी वेशात जायचं होतं. त्याने अरब स्ट्रीटवरून जुना जरीचा अंगरखा भाड्याने आणला.

दुकानदार म्हणाला, हा एका इराणी सरदाराचा. अंगावरच्या कपड्यांनिशी हिंदुस्थानात आला आणि मुघल दरबारात पार वजीर झाला. प्रत्येक बढतीला बादशहा अंगरखा द्यायचा. याने तीनदा मुजरा करायचा आणि रुमालावर नजराणा धरायचा.

आणि प्रत्येक बढतीनंतर त्याच्या घरातलं एक माणूस...

दोघांनी ते हसण्यावारी नेलं.

"आरशासमोर करून दाखव ना," ताई म्हणाली.

चारुदत्त झुकला. एकदा. दोनदा.

"अरे, आणि नजराणा?"

हाताशी दुसरं काही नव्हतं. ताईने आर्यनचा शाळेचा बॅज रुमालावर ठेवला. हो, तिनेच! दहा वर्षांचा आर्यन सोफ्यावरून ओरडला, "ममा, दॅट वन माइन लाह!"

तिसरा मुजरा.

रेशमाची सळसळ झाली... चारुदत्त तर हललाही नव्हता.

रुमाल रिकामा होता.

सोमवारी चारुदत्त डायरेक्टर झाला. ताईने शिरा केला, आर्यनला हाक मारली.

मग ती त्याच्या खोलीत गेली.

तो आरशासमोर उभा होता. हात बांधून, मान खाली. मग खोलीबाहेर निघाला... उलटा. बादशहासमोरून निघतात तसा, आरशाकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत.

त्या दिवसापासून पोरगं बोललेलं नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आईलासुद्धा ओळखत नाही.

ताई चारुदत्तच्या पाया पडली. "राजीनामा दे. तो अंगरखा परत कर. माझं पोरगं मला मिळू दे रे!"

"अंगरखा मी विकत घेतलाय," तो शांतपणे म्हणाला. "आर्यन आता काही बरा होत नाही. मग मिळालंय ते कशाला सोडायचं?"

मेल्याला लाजही वाटली नाही!

ताई दोन्ही पोरांना घेऊन पुण्याला माझ्याकडे आली. निघताना धाकट्या, सहा वर्षांच्या ऋताची एकूण एक वस्तू बॅगेत कोंबली. मोजे, खेळणी, खडूसुद्धा. स्वतःचं मात्र काहीच आणलं नाही.

ऋताची एक लाल क्लिप तेवढी... तिकडे बाथरूममध्ये राहिली.

काल सकाळी चारुदत्तचा मेसेज आला. रीजनल हेड झालाय.

ताई फोन टाकून स्वयंपाकघरात धावली. ऋता दूध पीत होती.

"ऋता, बाळा, माझ्याकडे बघ!"

ऋताने कप ठेवला. मान खाली घातली...

आणि मागे मागे चालायला लागली.

घरातले सगळे आरसे मी झाकलेत. ताई पोरांना कवटाळून बसलीय. तिचा फोन माझ्याकडे आहे. आत्ताच परत मेसेज आलाय त्याचा. तिला दाखवायचं धाडस होत नाहीये.

विचारतोय, तुझा लग्नातला शालू कुठल्या कपाटात आहे?