दाढीवाला म्हसोबा

"गुंडा, टोपली इकडं दे. खाल्लीस तेवढी पुरे झाली," विजयमाला म्हणाली.

"मी कुठं खाल्ली? नुसती चाखली." गुंडाने जांभळी झालेली जीभ पटकन आत घेतली.

मे महिन्याची सुट्टी म्हणजे पाचगणीला मामाचं घर, आणि मामाचं घर म्हणजे पसरणीच्या घाटात करवंदं, हे उंब्रजच्या या भावंडांचं ठरलेलंच होतं. यंदा मात्र दोघांची चौघं झाली होती. शेजारच्या बंगल्यात सांगलीचा धन्यकुमार आत्याबरोबर हवा खायला आला होता. चौथी हान्का, पोलंडमधली, आजारी आजोबांबरोबर आलेली. लढाईत ज्यांचं घरदार गेलं अशा पोलंडच्या लोकांची मोठी छावणी कोल्हापूरजवळ होती, आणि त्यांतल्या आजारी माणसांना पाचगणीत बंगले दिले होते. हान्का दोन वर्षं त्या मोठ्या छावणीत राहिलेली. तिथल्या बाजारात ती जी मराठी शिकली, ती अशी ठसकेबाज की धन्यकुमारची पुस्तकी भाषा तिच्यापुढे पाणी भरायची.

आज मात्र तिने एकही करवंद तोडलं नव्हतं.

"आजोबा आज पन जेवलं न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून बसत्यात. मला लय भ्या वाटतंय."

हान्काचे आजोबा लाकडावर कोरीव काम करणारे. लहानपणी वडिलांच्या हाताखाली ते त्यांच्या जंगलातल्या एका महालावर कामाला होते. रशियाच्या बादशहाचा तो शिकारीचा महाल. आत ओकच्या लाकडाचा रुंद जिना होता, आणि कठड्याच्या प्रत्येक खांबावर एकेका रानजनावराचं डोकं. पुढे बादशाही गेली, लढाया आल्या, आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं नेलं. खोल्या उबदार ठेवणाऱ्या नक्षीच्या फरशांच्या शेगड्या गेल्या, दारं गेली, जिनाही उखडला. उरलासुरला महाल गेल्या वर्षी जळाल्याची बातमी आली होती. त्या सगळ्यातलं एकच डोकं वाचलं होतं. आजोबांनी पोरवयात स्वतः कोरलेला गवा! तो त्यांनी कचऱ्यातून उचलून घरी नेला. शिपाई त्यांना सायबेरियात हाकून न्यायला आले तेव्हा गोधडी सोडून त्यांनी गवा घेतला.

अर्धी पृथ्वी फिरलेला तो गवा वाठार स्टेशन ते पाचगणी एवढ्याशा वाटेत नाहीसा झाला होता. गवा ठेवलेली पेटी आली ती उघडी. लॉरीचा ड्रायव्हर नाथाजी म्हणाला, पेटी आधीपासूनच तशी होती. विजयमालाचे मामा लालासाहेब पाचगणीतल्या या छावणीच्या कोठाराचे कारभारी. त्यांनी हात झटकले. "लाकडाचा तुकडा तो. घातला असेल कुणीतरी चुलीत." झालं, मिटलं प्रकरण. मोठ्यांना प्रकरणं मिटवायची भारी हौस!

घाटाच्या वळणावर एक झरा आहे. चढावर लॉऱ्या तापतात, म्हणून तिथे थांबून पाणी घालतात. चौघं पाणी प्यायला तिथे गेली तर ही गर्दी! एक गवंडी चुना कालवत होता. बाया आरत्या घेऊन उभ्या होत्या. नव्या कट्ट्याशेजारी पाटावर शेंदराने माखलेला म्हसोबा ठेवलेला होता, आणि त्याच्यापुढे नारळांचा ढीग.

गुंडा वाकून बघत राहिला. "ताई," तो हळूच म्हणाला, "या म्हसोबाला दाढी हाय."

हान्का पुढे झाली. शेंदराखाली वळलेली शिंगं दिसत होती, पुढे आलेलं कपाळ दिसत होतं, आणि हनुवटीखाली दाट दाढी. आपल्याकडच्या गव्याला काही दाढी नसते. तिच्याकडच्याला असते. हान्काने दोन्ही हात पुढे केले, पण विजयमालाने तिचं मनगट घट्ट धरलं.

"शिवू नगा द्येवाला!" एक म्हातारी मधे आली. ही बयाबाई, खालच्या वाडीतली. "आपणहून आलाय त्यो. सकाळी शेण येचाय आले तर वळणावर पडल्याला. त्याला शेंदूर लावला आन त्याच दिशी माझी म्हस चारा खाया लागली. चार दीस उपाशी व्हती बिचारी. आज दीस मावळायच्या आत कट्ट्यात बसवायचाय."

"बसवल्यावर?" धन्यकुमारने विचारलं.

"बसवल्यावर कोन हलवतंय? द्येव बसला की बसला."

हान्काला सगळं कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. विजयमाला मनाशी हिशोब करू लागली. हा आपला गवा आहे असं चार पोरांनी म्हटलं, तर कोण ऐकणार? आणि मामांना आणायला घाट चढायचा, तोवर चुना वाळायचा.

तिने खाली बसून नमस्कार केला आणि तेवढ्यात म्हसोबाची पाठ निरखून पाहिली. पाठीला शेंदूर नीट लागला नव्हता. तिथे लाकूड चेपलं होतं, आणि त्यावर टायरच्या नक्षीचा काळा ठसा उमटला होता.

"धन्या," ती कुजबुजली, "लॉरी चढाला मागं सरकायला लागली तर चाकाखाली काय घालत्यात?"

"दगड. नाहीतर लाकडाचा ठोकळा." बोलता बोलता धन्यकुमारचे डोळे विस्फारले. "अगं, म्हणजे..."

"गप. ती बघ, लॉरीच येतीय."

खालून घुरघुरत नाथाजीची लॉरी आली आणि झऱ्यापाशी थांबली. नाथाजी उतरला, गर्दी बघून चपला काढल्या आणि लांबूनच हात जोडले. त्याने देव ओळखलाच नव्हता! विजयमाला पुढे सरकली. उद्या मामा रागावतील, आईला कळेल, सगळं होईल. पण गवंड्याने चुन्याचं घमेलं उचललं होतं.

"नाथाजीमामा," ती मोठ्याने म्हणाली, "पोलंडच्या आजोबांची पेटी तुमी फोडली न्हाई, असं म्हसोबावर हात ठिवून सांगा की."

नाथाजी हसला. "ही काय जागा हाय व्हय गं, पोरी?"

"मग काय झालं? खरं असंल तर ठिवा हात."

नाथाजी पुढे आला. हात पुढे केला आणि तसाच अडकला. देवाच्या अंगावर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस त्या घाटात अजून जन्मायचा होता. तो वाकला, आणि आता पहिल्यांदाच त्याने जवळून ती दाढी पाहिली. घामाने त्याचं तोंड डबडबलं.

"आयला, ह्यो तर त्योच!"

"कोन त्योच?" बयाबाईने दरडावलं.

"काय सांगू बयाक्का, इंजान बंद पडलं. गाडी मागं सराय लागली, खाली दरी. दगुड घावंना. पेटी उचकटली आन हाताला लागला त्यो ठोकळा चाकाला लावला. इंजान चालू झालं तसा निघालो. चढाला थांबलो असतो तर पुन्हा गाडी निघाली नसती. मग नोकरी जाईल म्हून बोललो न्हाई."

"द्येवावर चाक घातलंस?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तवा त्यो देव नव्हता की!" नाथाजी रडकुंडीला आला.

गलका झाला. बयाबाई मात्र हान्काकडे बघत होती. पोरीच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"तुज्या आज्याचा हाय?"

हान्काने मान हलवली. "त्येंनी केलाय. आता तेवढाच उरलाय. तवापासनं जेवत न्हाईत."

बयाबाईने नारळ बाजूला सारले. "दुसऱ्याच्या घरातनं गेल्याला द्येव आमी कसा बसवायचा? घिऊन जा, बाई. पर आमचा कट्टा रिकामा ऱ्हायाचा, त्याचं काय?"

गवंडी घमेलं धरून उभाच होता. "येत्या रविवारी दुसरा म्हसोबा यील," विजयमाला बोलून गेली. कुठून येईल, कोण देईल, तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

"न्हाई आला तर मी सोता छावणीत यीन," बयाबाईने बजावलं.

वर पोचताच लालासाहेबांनी भाचीला फैलावर घेतलं. "देव द्यायचा शब्द देऊन आलीस? अगं, ही काय भाजी आहे?" पण त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. चुलीचं बोलणं त्यांना आठवत असणार.

आजोबा भिंतीकडे तोंड करूनच बसले होते. हान्काने गवा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचे हात शिंगांवरून गेले, दाढीवरून गेले, टायरच्या ठशाशी थांबले. हान्का ओल्या फडक्याने शेंदूर पुसायला लागली तर त्यांनी तिचा हात धरला. हे काय, कुणी लावलं? तिने आपल्या भाषेत सगळं सांगितलं. बयाबाई, म्हैस, चाक, शपथ. आजोबा आधी हसले, मग खूप वेळ खोकले. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"त्या बाईला मोठा पायजे का बारका, इचारत्यात," हान्का म्हणाली.

लालासाहेब उठले. तासाभराने फणसाच्या लाकडाचा जाडजूड ओंडका आणि सुताराची पटाशी घेऊन आले. डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं. पण आजोबांनी चाटूनपुसून संपवलेलं शेजारचं ताट त्यांनी बघितलं, आणि ते हो म्हणून निघून गेले.

रविवारी झऱ्यापाशी वरची आणि खालची, दोन्ही वाड्या लोटल्या. आजोबांना नाथाजीनेच आपल्या लॉरीतून, बैलगाडीच्या चालीने खाली आणलं. नवा म्हसोबा बयाबाईने उलटसुलट करून पाहिला.

"दाढी वाईच लांब झालीय," ती म्हणाली. "पर ऱ्हाऊ द्या. बेस दिसतीय."

गवंड्याने तो कट्ट्यात बसवला. लालासाहेबांनी सगळ्यांसमोर पागोटं सारखं केलं. "चूक माझी होती," ते म्हणाले. "मी विचारपूसच केली नाही. पोरांनी केली." बयाबाईने पहिला नारळ विजयमालाच्या हातात दिला, आणि लाजेने तिला कुठे बघावं ते कळेना.

आरती चालू असताना गुंडाने तिची बाही ओढली. आजोबा गर्दीपासून लांब, लॉरीच्या सावलीत बसले होते. फणसाचा उरलेला तुकडा त्यांनी बरोबर आणला होता, आणि पटाशी चालू होती. लाकडातून एक लांब मान वर येत होती.

"हे काय?" विजयमालाने हान्काला विचारलं.

"आमच्याकडचं सांबर. जिन्याच्या दुसऱ्या खांबावरचं," हान्का म्हणाली. "त्याच्या म्होरं अस्वल व्हतं म्हनं. सगळी ध्यानात हायती त्येंच्या. मामास्नी आनखी लाकूड आनाय सांग."