हँडलवरचा हात

सर्कशीच्या झुल्याखालच्या जाळ्यातून उतरताना माझा पाय अडकला आणि मी धपकन पडले, ती थेट त्याच्या कॅमेऱ्यापाशी.

"जपून हो! ह्याला आधीच तीन पाय," कॅमेऱ्याचं तिकाटणं सावरत तो म्हणाला.

"आणि मला दोनच. त्यांचं काय?"

तो हसला. झालं, तिथेच मी गारद!

आमच्या सर्कशीत एका मूकपटाचं चित्रण चाललं होतं. गोष्ट आमच्यातलीच—झुल्यावरची एक मुलगी आणि तिच्यासाठी ईर्ष्येला पेटलेले दोघे. मुलगी मी. मला हवेत झेलणारा, ज्याला सगळे झेल्याच म्हणत, तो पडद्यावर जिंकणार होता. पडद्याबाहेरही त्याने मला मागणी घातली होती, आणि तंबू हलायच्या आत त्याला उत्तर हवं होतं. माणूस सोन्यासारखा. नाही म्हणायला एकच कारण, आणि ते मेलं कॅमेऱ्याचं हँडल फिरवत गप्प उभं!

"सारखं काय गुणगुणता?" मी एकदा विचारलं.

"ठेक्यावर हात एकसारखा फिरतो. भरभर फिरला, की पडद्यावर माणसं रेंगाळतात."

"आणि मनातलं बोलायची वेळ आली, की कोण रेंगाळतं?"

त्याचे कान लाल झाले. आणि स्वारी पुन्हा गुणगुणायला लागली!

तंबू उठायच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकसाहेबांनी झालेलं चित्रण दाखवलं. झेल्या झुलला... ठीक. मी दांडी सोडली आणि... तरंगतच राहिले. खाली यायचं नावच घेईना!

"इथे हात का पळाला?" साहेब कडाडले.

"ठेका चुकला," तो पुटपुटला. "पुन्हा घेऊ."

मी पुन्हा वर चढले. दांडी सोडली, आणि ह्या वेळी कान खालीच लावले होते. हँडलची घरघर एकसारखी... एकसारखी... आणि एकदम सुसाट!

झेल्याने माझी मनगटं पकडली. उलटं लटकल्या लटकल्याच हळू म्हणाला, "ऐकलंस?"

"हो..."

"मीही ऐकलं. मिळालं माझं उत्तर."

पकड मात्र त्याने जराही सैल केली नाही. मला रडूच आलं.

उतरले ती तडक कॅमेऱ्यापाशी गेले.

"पुन्हा चुकलात! आता तिसऱ्यांदा उडू, की तोंडाने सांगताय?"

त्याचा हात अजून हँडलवरच होता. मी त्यावर माझा ठेवला.

"तुम्ही दांडी सोडलीत, की ठेका आठवतच नाही मला," तो म्हणाला. "उद्या... जाऊ नका ना."