तिसऱ्या खाटेवरची नाडी

प्रॅक्टिकलच्या खोलीत पाच खाटा होत्या, पाच रबरी पेशंट, चार चादरी, सलाइनचे दोन स्टँड आणि भिंतीवर एक घड्याळ. पाचवी चादर धुवायला गेली होती. सकाळी आधी येईल तिनं खोलीतलं सामान मोजायचं, असा नर्सिंग कॉलेजचा नियम होता आणि आधी नेहमी तीच यायची. वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या, ही त्रेचाळीसची. मुली तिला मावशी म्हणत. नवरा सकाळी डबा हातात देताना म्हणायचा, "शाळेत भांडू नकोस हं."

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गेल्या खेपेला ती नाडी मोजण्याच्या परीक्षेतच गडबडली होती. आता नापास झाली की नाव कटणार आणि कापडाच्या दुकानातलं तेच जुनं काउंटर पुन्हा गाठावं लागणार.

म्हणून ती रोज तिसऱ्या खाटेवर सराव करी. तिथल्या पेशंटच्या नाकाचा शेंडा झिजला होता. मुली त्याला आजोबा म्हणत. सोमवारी तिनं आजोबांचं मनगट धरलं आणि बोटांखाली काहीतरी उडालं.

"अंगठा लावला असशील," शिकवणाऱ्या बाई हसल्या. "अंगठ्याला स्वतःची पल्स असते, नवीन मुली तिथेच फसतात. रबराला कुठली आलीय पल्स! परीक्षेत बोटं नीट ठेव, मिनिटभर घड्याळ बघ आणि बहात्तर म्हण. सगळ्या तेच म्हणतात."

तिनं अंगठा लावला नव्हता. तरी खात्री करून घ्यावी म्हणून ती जिना धावत चढली, उतरली, पुन्हा चढली. घाम निथळायला लागल्यावर गळ्याला बोटं लावून तिनं स्वतःची नाडी मोजली. एकशे अठरा. मग तीच बोटं आजोबांच्या मनगटावर ठेवली.

चौसष्ट.

म्हणजे ती नाडी तिची नव्हती. तिनं बाकीच्या चारही खाटांवर मनगटं धरून पाहिली. तिथे नुसतं गार रबर होतं.

"तू बघ ना जरा," ती चष्मेवाल्या मैत्रिणीला म्हणाली.

मैत्रिणीनं घाईघाईत मनगट चाचपलं. "मावशी, रबर आहे हो ते. अभ्यासानं डोकं फिरलंय तुमचं. चला, चहा पिऊ."

बुधवारी एक्कावन्न भरले. कोपराच्या खळगीत रबर कोमट लागत होतं. गुरुवारी तेहेतीस, आणि मध्येच एखादा ठोका चुकत होता.

"बाई, कमी होतेय," तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय कमी होतेय?"

"काही नाही."

शुक्रवारी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बोलायला तुटक होत्या. त्या नुसती बोटांची जागा पाहत आणि आकडा विचारत. बहात्तर. बहात्तर. चष्मेवाली चौऱ्याहत्तर म्हणाली आणि जाता जाता हिला डोळा मारून गेली.

"तिसरी खाट. तुम्ही."

तिनं तीन बोटं टेकवली. मनगट आज गार होतं. बराच वेळ काहीच लागलं नाही. मग एक ठोका आला, खोल कुठून तरी. पुढचा येईपर्यंत तिनं श्वास धरून ठेवला.

मिनिट संपलं.

"किती?"

बहात्तर म्हटलं की सुटका होती. शब्द ओठांवर आलाही होता. पण अजून एक ठोका बोटांखाली हलला, आणि हात धरून खोटं बोलणं तिला जमेना.

"अकरा."

दाराशी कुणीतरी फिसकन हसलं.

"चेष्टा करताय का? या वयात?"

"नाही मॅडम. लागले तेवढेच सांगितले."

परीक्षक बाई खाटेच्या पलीकडे गेल्या. आजोबांचं दुसरं मनगट त्यांनी उचललं ते बहुधा तिला चूक दाखवायलाच. बोटं ठेवली.

त्यांनी ती काढली नाहीत.

दारातल्या मुली आत सरकल्या.

"पुन्हा मोजा," परीक्षक बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मीही मोजते."

सेकंदकाटा बारावर आला. दोघींनी सुरुवात केली.

काटा पुरा फिरून वर आला, तेव्हा दोघींनी आकडा एकदमच उच्चारला.

"चार."