पंचेचाळीसच्या वर

भिंतीवर प्लग एकच रिकामा होता आणि त्यावर दोन हात एकदम पडले. एक तिचा, चार्जरच्या वायरीत गुरफटलेला. दुसरा त्याचा, लांब बोटांचा.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला.

"नको... तुम्हीच घ्या."

"घ्या हो. बॅटरीवर तुमचं मशीन मान टाकेल. माझं काय, नुसतं तपासायचं काम."

तपासायचं. म्हणजे लॅपटॉप पास की बाद ठरवणारा हाच तो.

पलीकडच्या हॉलमध्ये गेमिंगची स्पर्धा होती, पाच-पाच जणांच्या टीमची. पण तिथे पोचायचं तर आधी या खोलीतून सुटका व्हायला हवी. प्रत्येकाने आपापला लॅपटॉप आणायचा, सेटिंग सगळ्यांना सारखी, आणि दहा मिनिटं चाचणी. पडद्यावर सेकंदाला जितकी चित्रं पडतात, त्या फ्रेम. त्यांची सरासरी पंचेचाळीसच्या खाली आली की लॅपटॉप बाद, आणि एक बाद तर पाचही जणी घरी. संधी दोन, मुदत अकराची. बाकीच्या चौघी कधीच पास होऊन बसल्या होत्या. त्यांची कॅप्टन हिची सख्खी थोरली बहीण. दोन वर्षं तिने सगळ्यांना पिळून काढलं होतं, ते आजच्यासाठी.

आणि हिचा लॅपटॉप? वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करायला घेतलेला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या पोटात असतं तेवढंच चिमूटभर ग्राफिक्स.

त्याने लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला. "यावर गेम खेळायचाय, हे याला सांगितलंय का?"

"अजून नाही. घाबरेल तो."

तो हसला. गालात, फक्त एका बाजूने. बघायचं नाही म्हणत असताना तिने बघितलंच.

दहा मिनिटं. ती खेळत होती, पण पडद्यावरचा शत्रू उड्या मारत येत होता, एकदा इथे, एकदम तिथे. मधलं गायबच.

"एकतीस," तो हळूच म्हणाला.

दारातून बहिणीचं डोकं आत आलं. "छोटे, झालं का गं?"

"होतंय, ताई."

डोकं गेलं. घड्याळात साडेदहा वाजून पाच मिनिटं. तो अजून तिच्या पडद्यात डोकं घालून बसला होता.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"आधी विचारा... मग ठरवते."

"ग्राफिक्सला चार जीबी मेमरी कोणी तोडून दिली?"

"मीच. काल. व्हिडिओ बघून. म्हटलं, पोटभर दिलं की पळेल."

"एकूण आठ. चार त्याला वाटून दिली, उरलेल्या चारात बाकीचा सगळा संसार. दोघंही उपाशी." मग त्याने लॅपटॉपच्या पाठीवर बोट ठेवलं. "आणि मेमरीची पट्टी एकच. दुसरा खण रिकामा. बिचारा एका नाकपुडीने धावतोय."

"दुसरी पट्टी मिळाली तर?"

त्याची नजर स्वतःच्या लॅपटॉपवर गेली, तिचीही गेली.

"तपासनिसाने खेळाडूला काही द्यायचं नाही. नियम आहे," तो म्हणाला.

"मी मागितलं का?" ती ताडकन म्हणाली. "आणि आकडा वाढवून लिहा, असंही म्हणणार नाही. ताईला मी... मी सांगेन काहीतरी."

तो उठला. गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या तपासनिसाच्या हातात कोंबलं.

"हिची दुसरी चाचणी तू घे. मी आता इथला कोणी नाही."

"डोकं फिरलंय का तुझं? पुन्हा उभं करणार नाहीत तुला इथे."

"माहितीय."

तो स्क्रू काढायलाही लागला होता. त्याच्या लॅपटॉपमधली एक पट्टी निघाली, हिच्या रिकाम्या खणात बसली. दोन डोकी एकाच मशीनवर वाकलेली, तिच्या केसांची बट त्याच्या मनगटावर.

"स्क्रू नीट धरा," तो पुटपुटला. "हात का थरथरतोय?"

"तुमचा थरथरतोय."

"...हो. माझाच."

मेमरीची वाटणी त्याने पुन्हा कालच्या आधी होती तशी केली. दहा वाजून सत्तेचाळीस. चष्मेवाला घड्याळ लावून बसला. "सुरू. आता खेळणारीशिवाय मशीनला कोणी हात लावायचा नाही."

पडद्याच्या कोपऱ्यात त्या-त्या क्षणाचा आकडा: त्रेपन्न! तिचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच पंखा भणभणायला लागला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चुलीवर, त्यात खिडकीतून ऊन थेट लॅपटॉपवर. पारा चढला की मशीन आपणहून दम खातं. एकोणपन्नास. शेहेचाळीस. एक्केचाळीस...

पडद्यावर अचानक सावली पडली. तो खिडकीत जाऊन उभा राहिला होता, पाठ उन्हाला, दोन्ही हात पसरून.

"ए, बाजूला हो," चष्मेवाला म्हणाला.

"बघणाऱ्याने कुठे उभं राहावं, याचा नियम दाखव."

चष्मेवाल्याने खरंच नियमांचे कागद उलटले. नव्हता.

त्याच्या कानामागून घाम निथळत होता. तो हलला नाही. तिने मान वर केली नाही, करून चालणार नव्हतं, पण ती सावली तिच्या हातांवर होती आणि तिची बोटं आता चुकत नव्हती. बेचाळीस. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. वेळ संपली. आता दहाही मिनिटांची सरासरी.

चष्मेवाल्याने आकडा वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

"पंचेचाळीस पूर्णांक चार. पास."

दारातून ताई ओरडली, "छोटे, चल. पहिलाच सामना आपला."

तो खिडकीतून पुढे आला. शर्ट पाठीला चिकटलेला. "मी... म्हणजे तुम्ही जेव्हा प्लगवर हात... तसं नाही, मला म्हणायचं होतं..."

"तुम्ही मला आवडलात," ती म्हणाली. "हळूहळू बोलायला वेळ नाहीये."

"मलाही," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही. मला."

ती लॅपटॉप छातीशी धरून दारापर्यंत गेली आणि वळली. "हरले तर अर्ध्या तासात बाहेर येईन. जिंकत राहिले तर संध्याकाळ होईल. कितीपर्यंत थांबाल?"

त्याने टेबलाखालची खुर्ची ओढली आणि सावकाश बसला.

"संध्याकाळीच या."