तीन नंबरची टाकी

लालबागच्या त्या पेट्रोल पंपावर टाक्या तपासणाऱ्या संघर्षला नेमकं अनंत चतुर्दशीलाच बोलावलं होतं, यात नवल काहीच नव्हतं. टाकी गळते की नाही हे बघायचं तर चार तास तिला कोणी हात लावायचा नाही, आणि एरवी पंप दोन मिनिटंही थांबत नाही. विसर्जनाला रस्ते बंद, म्हणून पंपही बंद. मिरवणुकीच्या गर्दीने सकाळीच फाटक असं गच्च दाबून धरलं की आता बाहेर पडायचं नाव नको.

ऑफिसात दोघंच होते, संघर्ष आणि पंपाचे जुने मॅनेजर धर्माकाका, वरळी कोळीवाड्याचे. भिंतीवरच्या यंत्रावर जमिनीखालच्या तिन्ही टाक्यांची पातळी दिसत होती. टाकीत एक दांडी उभी सोडलेली असते, तिच्यावर वरखाली सरकणारा पोकळ गोळा, म्हणजे फ्लोट, तेलावर तरंगतो. तो जरासा हलला तरी यंत्राला कळतं आणि भोंगा वाजतो.

दीड वाजता तो वाजला. धर्माकाकांचा अंगठा आपसूक बटणावर गेला आणि भोंगा गप्प झाला.

“तीन नंबर ना? दरवर्षी आजच्या दिवशी वाजते ती,” ते म्हणाले. यंत्राकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

संघर्षने पाहिलं. गळती असती तर पातळी उतरली असती. ही चार मिलिमीटर चढली होती. बंद टाकीत कोण काय ओतणार?

खड्ड्यात मोबाईल न्यायची मनाई, म्हणून तो टेबलावर ठेवून संघर्ष बाहेर आला. पहारीने लोखंडी झाकण सरकवून टाकीच्या तोंडाशी असलेल्या पुरुषभर खोल खड्ड्यात उतरला. दांडीच्या वरच्या टोकाला जोडलेली वायर शाबूत होती. तो वाकून जोड तपासत होता, तेवढ्यात डोक्यावर धाडकन आवाज झाला आणि सगळं काळं झालं.

“ओ काका! आत माणूस आहे!”

ढोल-ताशात त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. खांदा लावून ढकललं, झाकण हलेना. डिझेलचा वास डोक्यात चढत होता. संघर्ष घाबरला, खरंच खूप घाबरला. मग त्याला सुचलं, दांडी हलवली तर भोंगा वाजेल. त्याने ती जोरात वर ओढली.

वाजला असणार. आणि मग त्याला तो अंगठा आठवला.

त्याने पुन्हा ओढली. मग पुन्हा.

त्यावर दांडी हातातून खाली खेचली गेली. कोणीतरी खालून धरून खेचावी तशी... क्षणभर थांबली. मग खालून तीन झटके आले, त्याच्यासारख्याच घाईने दिलेले.

संघर्षने दांडी दोन्ही मुठींत आवळून धरली.

झाकण करकरलं, उजेड आला. धर्माकाकांनी बखोटीला धरून त्याला वर घेतलं. त्याच्या मुठीतली दांडीही वायर तुटून त्याच्याबरोबर बाहेर आली. ती तिथेच टाकून दोघं ऑफिसात आले. काकांनी त्याला पाणी दिलं.

“बटण दाबलं तरी भोंगा गप होईना... म्हणून आलो रे.”

“झाकण का टाकलंत, काका?”

“आज मी जागचा हललो नाय.” त्यांनी आता कुठे यंत्राकडे पाहिलं. “अकरा वर्षांपूर्वी टाकलं होतं. एवढी गर्दी, पोरंबाळं पडतील म्हणून. आपला पंपावरचा दगडू खड्ड्यात साफसफाईला उतरलाय, मला काय ठाऊक... दुपारभर भोंगा वाजत होता. मी आपला बटण दाबत बसलो. अंधारात त्याचा पाय चुकला, उघड्या तोंडातून टाकीत गेला. पातळी चार मिलिमीटर चढली होती.”

भोंगा वाजला. तीन नंबर.

संघर्षने काचेतून बाहेर पाहिलं. दांडी फरशीवरच पडलेली होती. त्यांनी उघडं सोडलेलं झाकण मात्र खड्ड्यावर नीट बसलं होतं. फाटकाबाहेरची गर्दी तसूभर हलत नव्हती.

धर्माकाकांचा अंगठा बटणापर्यंत गेला आणि मागे आला. त्यांनी पहार उचलली.

“काका, नका जाऊ... आत कोणी नाहीये.”

“त्या दिवशी मीपण हेच म्हणालो होतो,” काका म्हणाले आणि बाहेर पडले.

ते अजून झाकणापाशी पोचलेही नव्हते. यंत्रावर तीन नंबरची पातळी आणखी चार मिलिमीटर चढली होती.