झुलालचा खटका

"संध्याकाळच्या आत झुलालला पोलिसांच्या हवाली करणार," घेवरचंद शेठ म्हणाले.

साल १९७२. जळगावच्या त्यांच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी दाबणारा प्रेस आदल्या दिवशी अचानक खाली आला आणि त्याखालच्या पेटीत उतरलेल्या कामगार भटूचा हात चिरडला. तपासाला धुळ्याहून जीवराम आबा आले होते, सोबत त्यांचा मदतनीस रुपचंद.

"दोन खटके," शेठ म्हणाले. "मोटरघरात गिरधर मिस्त्रीचा, पेटीजवळ झुलालचा. दोन्ही वर असले तरच प्रेस हलतो. पेटीत उतरणारा झुलालचा खटका खाली करून त्याला आपला रुमाल बांधतो. मग त्याला कोणी हात लावायचा नाही."

झुलाल पुढे आला. "आबा, मी खटकाले हात बी नही लाया. रुमाल तठेच व्हता. मीच तो सोडीसन भटूना हातले गुंडाळा. मना सख्खा साडू शे तो!"

गिरधर शांत होता. "चारच्या भोंग्याला मी माझा खटका वर केला, रोजच्यासारखा. नुसत्या माझ्याने काय होतं?"

"तुम्ही दुरुस्तीला पेटीत उतरता, तेव्हा रुमाल कुठे बांधता?" आबांनी विचारलं.

"मोटरघरात. माझ्या खटक्याला."

"मिस्त्रीचा तोरा!" रुपचंद पुटपुटला.

आबांनी मोटरघरातली खटक्याची फळी उघडली. गिरधरच्या खटक्यातून दोन तारा निघत होत्या. जुनी काळी झुलालच्या खटक्यातून मोटरकडे जाई; नवी लाल थेट मोटरकडे. दोन वाटा म्हणजे दुप्पट बंदोबस्त, असं रुपचंदला वाटलं.

कचेरीत सगळे जमले. आबांनी खडूने जमिनीवर दोन्ही वाटा काढल्या.

"रुपचंद, गिरधरचा खटका वर, झुलालचा खाली. वीज पोहोचते?"

"लाल तारेने... पोहोचते."

"झुलालचाही वर केला तर?"

"तरी पोहोचते."

"आणि गिरधरचा खाली?"

"मग झुलालने काहीही करो, नाही."

"म्हणजे झुलालच्या खटक्याने उत्तर बदलतच नाही. जे असून नसून सारखं, ते खोडायचं." आबांनी काळी वाट पुसली. "उरला एकच खटका. आणि हे ज्याला ठाऊक, तोच जीव सांभाळायला रुमाल मोटरघरात बांधेल. सगळे बांधतात तिथे नाही."

गिरधर शेठजींकडे वळला. "झुलाल चहाला गेला की काम अडायचं, शेठजी. म्हणून मीच तार ओढली. काल वाटलं, पेटी रिकामी असेल..."

आबांनी हातावरचा खडू झटकला.

"मग झुलालचा खटका काढून टाकू?" शेठनी विचारलं.

"छे! तो खडूच्या आकृतीतून काढला. कारखान्यातून लाल तार काढा."

झुलालने पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालास?" आबांनी विचारलं.

"दवाखानामा, आबा. साडूले सांगाले. कालपाईन तो मनासंगे बोलना नही."