पाण्याऐवजी फोन

"बी पुरू नका हं. आधी महिनाभर फ्रीजमध्ये ठेवा, मग मातीवर नुसतं पसरा," बियाण्यांच्या दुकानातल्या त्या तरुणानं बजावलं होतं. लव्हेंडर पेरायला कुंडी हवी, एवढंच ती म्हणाली होती; हा आगाऊ सल्ला कुणी मागितला होता? बी म्हणजे काय आइस्क्रीम आहे, असं मनात म्हणत ती निघाली.

इंग्लिश लव्हेंडरचं ते बी मावशीनं जाण्याआधी स्वतःच्या हातानं जमवलेलं. अर्धं तिनं बोटभर खोल पुरलं, काळजीपोटी दिवसातून चारदा पाणी घातलं. सगळं कुजलं.

उरलेली चिमूट मुठीत धरून ती पुन्हा दुकानात गेली... मान खाली घालून. तो टोमणा मारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं, ते वायाच गेलं. त्यानं ओलसर वाळूत बी मिसळलं, पिशवीवर तारीख घालून ती फ्रीजमध्ये ठेवायला दिली.

"पेरल्यावर पाणी घालावंसं वाटलं, की आधी मला फोन करा."

"दिवसातून दहादा वाटतं हो."

"मग दहादा करा."

महिन्यानं तो स्वतः ट्रे घेऊन घरी आला, बी पसरून गेला. मग फोन सुरू झाले. मातीला बोट लावा, ओल लागते का... लागते? मग राहू द्या. मातीवरून बोलणं त्याच्या करपलेल्या भाजीवर जाई, तिच्या ऑफिसातल्या साहेबांच्या घोरण्यावर येई. झाडापेक्षा फोनलाच जास्त खतपाणी चाललंय, असं वहिनी म्हणालीच.

विसाव्या दिवशीही ट्रे रिकामा. मावशीचं शेवटचं बीही आपण घालवलं, या विचारानं तिनं जेवता जेवता फोन लावला. आणखी आठवडा थांबा, तो म्हणाला.

सव्विसाव्या दिवशी सकाळी — अकरा हिरवे ठिपके!

तिनं फोन केला नाही.

संध्याकाळी दार वाजलं. हातात हेल्मेट, शर्टाला माती. "आज एकही फोन नाही... बरं आहे ना सगळं?"

तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. तो गुडघ्यांवर बसून मोजत राहिला. "कळवलं का नाहीत?"

"उगवलं म्हटल्यावर... निमित्त काय उरलं?"

"फुलं पुढच्या वर्षी येतात. तोवर करा की."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला लागतोय फोन? एकाच घरात कोण कुणाला फोन करतं?" त्याचे कान लाल झाले होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघांच्या खिडकीत अकराच्या अकरा झाडं जांभळी झाली. वास थेट जिन्यापर्यंत. जाता जाता मावशीनं लग्नही जमवलं, वहिनी म्हणाली.

तुमच्याही ओळखीत कुणी रिकाम्या ट्रेपुढे एकटं बसलेलं असेल. आज जरा डोकावून या. पाणी मात्र घालू नका.